धुराड्यातून धूर नाही

हार्मायार्वी
सोमवार, २ जून २००३

प्रिय हेल्वी,

तुझा भाऊ मला फसवतोय. पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते हे मला माहीत आहे, म्हणून सांगते : तळ्यावरचा बर्फ गेला, डास आले. झालं हवापाणी.

गेले तीन मंगळवार ओइवा दुपारी चार वाजता सौनाच्या खोपटात जातो, आतून कडी लावतो आणि पाच वाजता घामाने निथळत बाहेर येतो. तू म्हणशील, सौनात जाऊन माणसाला घाम येणार नाही तर काय येणार. पहिल्या मंगळवारी मीही तेच म्हटलं, जरी आमच्याकडे सौना शनिवारी तापतो आणि पस्तीस वर्षं शनिवारीच तापतो. दुसऱ्या मंगळवारी मी खिडकीत बटाटे सोलत बसले होते. हेल्वी, धुराड्यातून धूर नव्हता. तो बाहेर आल्यावर मी टॉवेल वाळत घालायच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीवरच्या दगडांना हात लावला. थंडगार. बर्चच्या लाकडांची रास होती तिथेच. मग या माणसाचा शर्ट पिळून काढण्याइतका ओला कशाने झाला?

आवाज म्हणशील तर काही नाही. मी दाराला कान लावून उभी होते, लाज सोडून सांगते. फळीचं करकरणं आणि मधूनच धापा. बोलणं नाही, रेडिओ नाही.

आणखी ऐक. काल कॉफी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "छान झालीय." आमच्या लग्नात कॉफी चांगली झाली तरी तो बोलत नाही, वाईट झाली तरी बोलत नाही, त्यावरच आमचा संसार उभा आहे. केस वाढवतोय, डोक्यावर जेवढे उरलेत तेवढे. एकसष्टाव्या वर्षी. आणि भांडी पुसताना गुणगुणतो. आमचा यार्नो घर सोडून गेल्यापासून या घरात कुणी गुणगुणलेलं नाही.

पलीकडच्या काठावर आउने राहते, पोस्टमनची विधवा. तिची होडी आमच्या धक्क्याला आठवड्यातून दोनदा लागते. कधी अंडी आणते, कधी नुसती हसते. मी नाव घेत नाही, पण कुठेतरी पाणी मुरतंय.

तू आणि मी शाळेत एका बाकावर बसलो, मग तुझ्या भावाशी लग्न करून मी तुझी भावजय झाले. तेव्हा मैत्रीण म्हणून विचारते, नणंद म्हणून नाही : तुला तो काही बोललाय का? दर रविवारी तुला ओउलूला फोन करतो, आणि मी खोलीत आले की हवापाण्यावर येतो. मी फोन करत नाही, कारण फोन त्याच्या खुर्चीशेजारी आहे.

आमचा पोरगा तुझ्याच शहरात आहे, तुझ्याकडे कॉफीला येतो, हेही मला ठाऊक आहे. ओइवाने त्याची गिटार सौनाच्या चुलीत घातली, तो गेला, नऊ वर्षं झाली. ते दुखणं वेगळं. त्याबद्दल लिहू नकोस.

तुझी,
सायमी


ओउलू
९ जून

सायमे,

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाईने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. ओइवा आणि दुसरी बाई? अगं, एक बाई सांभाळायला त्याला दिवसाचे सगळे शब्द लागतात, आणि ते असतात तरी किती. दुसरीशी बोलायला कुठून आणेल?

घाम काय, या वयात कशानेही येतो. मला तर जिना चढला तरी येतो. कॉफी छान झाली म्हणाला असेल तर कॉफी छान झाली असेल. तू आयुष्यात एकदा तरी कौतुक ऐकून घे आणि गप्प बस.

माझ्याकडे या वर्षी रेवाचिनीचे देठ मनगटाएवढे झालेत, चार बरण्या मुरंबा केला. एक तुला पाठवते. शेजारच्या कुत्र्याला पिल्लं झाली. बाजारात छोटे मासे स्वस्त आहेत. मुलांनी नवीन पडदे लावून दिले, ते मला आवडले नाहीत पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

आउनेचं म्हणशील तर ती बाई हसते, कारण तिला दात नवीन बसवलेत. कुणीही हसेल.

तेव्हा डोक्यातलं काढून टाक, आणि ओइवाला सांग, गुडघ्याला जपायचं, फळीवर कांबळं घालून घ्यायचं. मुरंबा पुढच्या आठवड्यात.

हेल्वी


हार्मायार्वी
१९ जून

वन्सं,

हो, आज वन्संच. बाकावरच्या मैत्रिणीला मी 'हेल्वी' म्हणते. भावाची बाजू घेऊन मला रेवाचिनी आणि कुत्र्याची पिल्लं सांगत बसणारी ती नणंद.

गुडघ्याचं तुला कुणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं. मला स्वतःला तुझं पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं की त्याचा गुडघा दुखतोय. त्या संध्याकाळी मी त्याची पँट वर करून बघितली, तर दोन्ही गुडघ्यांवर जांभळे डाग. "हे काय?" विचारलं. "गाजरं," म्हणाला. आमच्याकडे गाजरांना अजून बोटाएवढीही पानं फुटलेली नाहीत, गुडघे टेकून तण कुठलं काढणार? आणि फळीवर कांबळं घालायचं म्हणे. कुठली फळी, वन्सं? तू सहा वर्षांत इकडे आलेली नाहीस.

म्हणून मी ठरवलं, आता लाज गुंडाळून ठेवायची. मंगळवारी तो आत गेल्यावर मी बाहेरच्या लाकडांच्या राशीवर चढले. तिथून वरची झरोक्याएवढी खिडकी दिसते. त्याने आतून टॉवेल लावलाय, पण कोपऱ्यात फट आहे. काय बघितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. तो कपडे बदलायच्या खोलीत मधोमध उभा, पाय फाकवून. कानाला हेडफोन. डोळे मिटलेले. डावा हात बाजूला लांब केलेला आणि त्याची बोटं थरथरतायत. उजव्या हाताने पोट खाजवतोय, पण जोरजोरात, जसं काही पोटात वाळवी लागलीय. मग मान झटकायला लागला. मग धाडकन गुडघ्यांवर पडला आणि छताकडे तोंड करून तसाच राहिला.

मी राशीवरून खाली कशी आले मला आठवत नाही. पहिल्यांदा वाटलं झटका आला. धावत दाराशी गेले, तर आतून नाक शिंकरल्याचा आवाज. म्हणजे जिवंत. मग वाटलं, कुठल्या पंथात तर गेला नाही? मागच्या वर्षी कुहमोच्या बाजारात पत्रकं वाटत होते. पण पंथवाले निदान आवाज तरी करतात.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर गेले. यार्नोच्या वस्तूंचं खोकं उघडं. त्याचा वॉकमन नाही, आणि यार्नो धरून त्या चार पोरांनी आमच्या बटाट्याच्या तळघरात बसून भरलेली ती कॅसेटही नाही. तिच्यावर तो ढणढणाट आहे, ज्यामुळे बटाट्यांना अवेळी मोड येतात असं मी म्हणायचे. ओइवाने ती कॅसेट का घ्यावी? नऊ वर्षांत त्याने त्या खोक्याला हात लावला नव्हता. मीही नाही.

मग आउनेकडे गेले. सरळ होडी काढली. तिने मला कॉफी दिली, पण ताटलीत फक्त वेलचीचा पाव, तोही एकच प्रकार, आणि दुसरा कप विचारला नाही. दुसरा कप न विचारणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आपल्याकडे कर वसूल करायला आलेल्या माणसालासुद्धा दुसरा कप मिळतो. तिला मी तिथे नको होते. आणि का नको होते तेही दिसलं. शिवणाच्या मशिनवर जांभळं जाकीट, चमकीचं, बाह्यांना झालरी. मी उचलून खांदे मोजले. माझ्या नवऱ्याचे खांदे मी अंधारातसुद्धा ओळखते. "हे कुणाचं?" म्हटलं. ती बया नवीन दात दाखवून हसली आणि म्हणाली, "ऑर्डर आहे."

आज सकाळी त्याच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी सापडली : '२१ ऑगस्ट, ओउलू, बस ७.४०.' एकच बस. एकच माणूस. जायची वेळ आहे, परत यायची नाही.

तू सगळं जाणतेस आणि ताकास तूर लागू देत नाहीस. मला सांग तो मला सोडून जातोय का. एवढंच सांग, बाकी तुमचं तुम्हाला लखलाभ.

सायमी

ता. क. मुरंबा मिळाला. आंबट आहे.


ओउलू
२४ जून, भर उन्हाळ्याच्या सणानंतर

सायमे,

वन्सं तर वन्सं. रागावलीस की माझा मान वाढतो, तेवढाच फायदा.

आता ऐक. तो तुला सोडून जात नाहीये. दुसरी बाई नाही, पंथ नाही, झटकाही नाही. हे मी तुला आईची शपथ घेऊन सांगते. आउने फक्त शिवते, कारण तिच्याकडे मशिन आहे आणि तोंड बंद ठेवायची ताकद आहे. यापुढचं मी सांगणार नाही, कारण मी भावाला शब्द दिलाय, आणि आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली सायकलचा पंप होता. ऑगस्टपर्यंत थांब आणि राशीवर चढू नकोस, पडशील.

पण मैत्रीण म्हणून मलाही एक विचारायचंय, आणि तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून मी नऊ वर्षं लिहिलं नाही. सणाच्या दिवशी यार्नो माझ्याकडे आला होता. त्याने गच्चीतला कठडा दुरुस्त केला. आता तो उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांसाठी मंच उभारतो, कामाला चोख, बोलायला बापासारखा. निघताना दारात उभा राहून म्हणाला, "आत्या, आई माझ्याबद्दल काही विचारते का?" मी काय सांगणार? ओइवा विचारतो. त्याच्या पद्धतीने, म्हणजे "तिकडे सगळं?" एवढंच, पण दर रविवारी विचारतो. तू नाही. एक ओळ नाही, एक कार्ड नाही. गिटार जाळली बापाने, तर अबोला बापाशी हवा. तू का गप्प आहेस, सायमे?

तू सगळ्या जगावर संशय घेतेस, पण चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. आत्ता जूनमध्ये आपल्याकडे अंधारच पडत नाही, म्हणून चांदणं दिसत नसेल. पण मला विचारावंसं वाटलं.

हेल्वी


हार्मायार्वी
१ जुलै

हेल्वी,

तुझी जीभ तू उचललीस आणि टाळ्याला लावलीस. ठीक आहे.

मी का लिहीत नाही, तर मला लिहिता येत नाही. बस. मी रोज लिहायला बसत नाही असं तुला कुणी सांगितलं?

काल मी ओइवाला समोर बसवलं. चिठ्ठी टेबलावर ठेवली. "यार्नोला भेटायला चाललायस का?" म्हटलं. त्याने चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाला, "हो." मी विचारलं, "भेटून काय सांगणार?" तर म्हणाला, "सांगायचं काही नाही. दाखवायचंय." मी म्हटलं, "काय दाखवायचंय?" तर उठला आणि डास मारायची पट्टी घेऊन व्हरांड्यात गेला. व्हरांड्यात एकही डास नव्हता.

हेल्वी, तुला माहीत नाही, मी किती घाबरलेय. आउनेबिउने काही नाही. माझ्या मनात ती कधी फारशी नव्हतीच, खरं सांगते. बाई असती तर परवडलं असतं, तिचे केस उपटले असते. तो पोराला काय दाखवणार आहे? पोरगा त्याला विचारणार, आणि तो काय बोलणार? तू तिथे असशील. माझ्यासाठी एवढं कर : ते दोघं बोलतील तेव्हा तू जवळ बस, आणि जे बोलले ते मला शब्द न् शब्द लिही. काही गाळू नकोस, मला वाईट वाटेल म्हणूनही गाळू नकोस.

ओइवाचा गुडघा सुजलाय. मी कोबीची पानं बांधली. तो कॉफी छान झाली म्हणाला.

सायमी


ओउलू
२३ ऑगस्ट, शनिवार

सायमे,

शब्द न् शब्द म्हणालीस, म्हणून सकाळपासून टेबलाशी बसलेय. ओइवा पलंगावर आहे, गुडघ्यावर बर्फ. तो ठीक आहे. सोमवारच्या बसने निघेल. आता पहिल्यापासून सांगते, कारण माझा शब्द सुटला.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये चौकात जी स्पर्धा होते ती तुला माहीत आहे, तू टीव्हीवर बघून म्हणाली होतीस की लोकांना कामधंदे नाहीत. हातात काही नसताना गिटार वाजवायची. गाणं लाउडस्पीकरवर लागतं आणि मंचावरचा माणूस नसलेली गिटार वाजवतो, साठ सेकंद. जगभरातून पोरं येतात. एप्रिलमध्ये पेपरात मंच उभारणाऱ्यांचा फोटो आला, त्यात आपला यार्नो, हातात हातोडा. ओइवाने तो फोटो बघितला आणि मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा तो फोनवर सलग दोन वाक्यं बोलला. म्हणाला, "खरी तर आता परत देता येत नाही. नसलेलीच वाजवून दाखवतो."

तर ते पोटाचं खाजवणं म्हणजे गिटार होती, सायमे. आणि आवाज नव्हता, कारण आवाज त्याच्या कानात होता.

गुरुवारी नवख्यांची फेरी. चौक माणसांनी फुललेला. ओइवाच्या आधी एक जपानी पोरगा उड्या मारून गेला, त्याच्यानंतर अंगावर फक्त मासे पकडायचं जाळं घातलेला एक माणूस होता. मध्ये तुझा नवरा, जांभळं जाकीट, झालरी, डोक्यावरचे केस पुढे ओढलेले. निवेदकाने विचारलं, "कुठून आलात?" तो म्हणाला, "घरून." लोक हसले. "काही सांगायचंय?" तर म्हणाला, "नाही." आणखी हसले. त्यांना वाटलं, विनोद करतोय.

मग गाणं लागलं. मी यार्नोकडे बघत होते. तो मंचाच्या कडेला वायरी गुंडाळत होता, त्याला काही कल्पना नव्हती. पहिला ढणका वाजला आणि त्याचे हात थांबले. स्वतःचं गाणं माणूस विसरत नाही, त्यात ती घरघर होती, तुमच्या तळघराची. त्याने मान वर केली आणि बाप दिसला.

ओइवा चांगला नव्हता गं. म्हणजे मला त्यातलं कळत नाही, पण परीक्षक दोघे डोकं खाजवत होते. पण एक होतं. त्या गाण्यातली जागा न् जागा त्याला पाठ होती. बोट कुठे सरकतं, कुठे थांबतं, पोरगा सतरा वर्षांचा असताना कुठे चुकला होता, तेही. चुकलेल्या जागी तोही चुकला, तशीच चूक. यार्नोच्या हातातली वायर खाली पडली.

शेवटी तो धाडकन गुडघ्यांवर आला. कांबळं नव्हतंच. गाणं संपलं, लोक टाळ्या वाजवतायत, आणि तुझा नवरा उठेना. गुडघा अडकला. चेहरा पांढराफटक, पण बसलाय तसाच, छताकडे बघत, तिथे छत नव्हतं. यार्नो मंचावर चढला. त्याने बापाच्या बगलेत हात घालून त्याला उभं केलं. मग ओइवाने काय केलं सांगू? खांद्यावरचा पट्टा काढावा तसं केलं, आणि ती नसलेली गिटार दोन्ही हातांनी पोराच्या पुढे धरली. लोकांना वाटलं हा सगळा बेतच आहे. यार्नोने हात पँटला पुसले. मग त्याने ती घेतली. पट्टा डोक्यावरून घातला, नीट, कानाला लागू न देता. मी रडले, सांगून टाकते. परीक्षकांनी चार पूर्णांक सहा दिले, शेवटून चौथा नंबर आला, आणि जाळंवाला माणूस पुढच्या फेरीत गेला, त्याचा मला अजून राग आहे.

आता ज्यासाठी तू लिहायला सांगितलंस ते. नंतर आम्ही तिघं माझ्याकडे कॉफीला बसलो. मी जवळच बसले होते. दुसऱ्या कपाला यार्नोने विचारलं, "बाबा, आता तरी सांगा. ती कुणी जाळली?"

हो, असंच विचारलं. 'का जाळलीत' असं नाही. 'कुणी.' ओइवाने कप खाली ठेवला, परत उचलला आणि म्हणाला, "त्या वर्षी लाकडं ओली होती." एवढंच. यार्नोने मान हलवली आणि साखर पुढे सरकवली.

मी शब्द न् शब्द लिहिलंय. मी काही विचारत नाही, सायमे. बाकावरची मैत्रीण म्हणून विचारत नाही.

हेल्वी


हार्मायार्वी
मंगळवार, २६ ऑगस्ट

यार्नो,

सुरुवात हवापाण्याने करत नाही.

गिटार मी जाळली.

ऑक्टोबरमधला गुरुवार होता. बाबा आठवडाभर जंगलात लाकूडतोडीच्या मशिनवर होते. तू सकाळी सांगितलंस की सुतारकामाची शाळा सोडतोय आणि त्या तिघांबरोबर गाडीतून गावोगाव जाणार. तू दूध आणायला गेलास आणि मी सौना पेटवला. गुरुवारी, विचार कर. मला वाटलं, ती नसली तर तू थांबशील. एवढंच वाटलं. त्यापुढचं काही वाटलं नाही. लाकूड छान वाळलेलं होतं, लगेच धरलं, आणि धरल्यावर मला कळलं की मी काय केलं, पण तेव्हा हात घालायला उशीर झाला होता.

दोन दिवस तू ती शोधत होतास; शनिवारी बाबा आले तेव्हा तिच्या खुंट्या तुला सौनाच्या राखेत सापडल्या. तू दारात उभा राहून ओरडलास, "कुणी केलं हे?" मी चुलीपाशी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा वाचता येतो, बाकी काही वाचत नाहीत, पण तो येतो. ते म्हणाले, "मी केलं." मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मला वाटलं, उद्या सांगू, तुझा राग उतरला की. रविवारी तू गेलास. मग उद्या सांगायला कुणी नव्हतं.

नऊ वर्षं त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नाही. भांडणातसुद्धा नाही. ते गप्प राहिले की मला वाटायचं, माझ्यावर उपकार करतायत, आणि उपकाराचा राग येतो, बाळा. त्या रागात मी त्यांच्यावर काय काय संशय घेतला ते तुझ्या आत्याला विचार. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशी मी लाकडाच्या राशीवर चढून बघत होते. फटीतून तुझा बाप माझं पाप फेडत होता, आणि मला वाटलं पोट खाजवतोय.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण तू करायला हवंसच असं नाही. बाबांवरचा राग मात्र काढून टाक. तो त्यांचा नव्हता. तो माझ्या नावावर कर. तू मला रोज आठवतोस, मी कार्ड विकत आणते, ड्रॉवरमध्ये ठेवते. ड्रॉवर आता बंद होत नाही.

आई


ओउलू
३० ऑगस्ट

आई,

मला माहीत होतं.

मी निघालो त्या सकाळी कोटाचं बटण तुटलं, म्हणून तुझा बटणांचा कॉफीचा डबा उघडला. त्यात सहा तारा होत्या. एकेक वेगळी गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली, तुझ्या त्या दुहेरी गाठीने. बाबांना दोरखंडसुद्धा धड गुंडाळता येत नाही. त्यांनी जाळली असती तर तारांसकट जाळली असती. जाळायच्या आधी तारा काढून ठेवणारी बाई या जगात एकच आहे.

मी गेलो तो गिटारीसाठी नाही. एकाने खोटं सांगितलं आणि एकीने ते ऐकून घेतलं, आणि दोघांनाही वाटलं मला कळत नाही, याचा राग आला. म्हटलं, कुणीतरी लिहील. तुम्ही लिहिलं नाही, मीही नाही. मी तुमचाच मुलगा आहे, त्याला काय करणार.

सुतारकाम नंतर शिकलोच.

पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो. वेळ सांगत नाही, काम कधी संपतं त्यावर आहे. पुलाच्या वळणावरून आपलं धुराडं दिसायचं, अजून दिसतं का? त्या तारा टाकल्या नसशील तर काढून ठेव.

यार्नो


हार्मायार्वी
शनिवार, ६ सप्टेंबर

हेल्वी,

घाईत आहे, पाव भट्टीत आहे, या वेळी तीन प्रकार.

सकाळी सात वाजता सौना पेटवला. ओइवा म्हणाला, "तो संध्याकाळी येईल, आत्तापासून कशाला? लाकडं फुकट जातील." मी म्हटलं, जाऊ देत. मग त्याने आणखी एक मोळी आणली, त्यात दोन ओली लाकडं होती. "ओली कशाला?" म्हटलं, तर म्हणाला, "धूर जास्त होतो."

आता दोन वाजलेत. आम्ही दोघं धक्क्यावर बसलोय आणि धुराड्याकडे बघतोय. वारा नाही. धूर सरळ वर चाललाय, पुलावरून नक्की दिसेल.

तारा मी टेबलावर ठेवल्यात. गाठी त्याने सोडाव्यात, मी सोडल्या नाहीत.

सायमी